घड्याळातले १७६ आणि पन्हाळ्याच्या चढावरचे १८४

प्रश्न : कोल्हापुरातल्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या ४४ वर्षांच्या असून माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. दोन वर्षांपासून रंकाळ्यावरच्या एका गटाबरोबर आठवड्यातून चार दिवस पहाटे धावतात. एक अर्धमॅरेथॉन त्यांनी पूर्ण केली आहे आणि पावसाळ्यात होणाऱ्या साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसाठी आता नाव नोंदवले आहे. मुलाने वाढदिवसाला हार्ट रेट दाखवणारे घड्याळ भेट दिले, आणि तेव्हापासून धावण्यातला आनंद गेला, असे त्या लिहितात. गटातल्या एका तरुणाने हिशोब करून दिला : २२० वजा वय म्हणजे कमाल ठोके १७६, त्याच्या ६० ते ७० टक्के म्हणजे 'झोन टू', म्हणजेच १०६ ते १२३, आणि बहुतेक धावणे याच मर्यादेत व्हायला हवे. परंतु दोन मिनिटे धावताच ठोके १३० च्या पुढे जातात आणि चालावे लागते. गट पुढे निघून जातो आणि अंधारात त्या एकट्या मागे राहतात. गटाबरोबर किलोमीटरला साडेसात मिनिटांच्या वेगाने धावले तर घड्याळ १५० दाखवते. गेल्या महिन्यात पन्हाळ्याच्या चढावर त्याने १८४ दाखवले, तेव्हा त्या घाबरून रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिल्या. धाप सोडली तर दुसरा काही त्रास झाला नाही आणि दोन मिनिटांत ठोके १३० च्या खाली आले. सकाळी उठल्यावर नाडी ६२ असते. वडील ५२ व्या वर्षी हृदयविकाराने गेले. घरचे म्हणतात, धावणेच सोडून दे. त्यांचा प्रश्न असा : मी घड्याळाचे ऐकू की शरीराचे? गट सोडू की घड्याळ मुलाला परत देऊ?

उत्तर :

ताई, वडिलांविषयीचे वाक्य तुम्ही पत्रात अगदी शेवटी, जाता जाता लिहिले आहे. मी मात्र तिथूनच सुरुवात करणार आहे, कारण त्या दगडावर तुम्ही बसलात तेव्हा मनात १८४ या आकड्याबरोबर ५२ हाही आकडा असणार, असे मला वाटते.

वडिलांना किंवा भावाला ५५ वर्षांच्या आत, आणि आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झालेला असेल, तर डॉक्टर ती गोष्ट कौटुंबिक धोका म्हणून स्वतंत्रपणे नोंदवतात. त्यामुळे साताऱ्याची तयारी पुढे नेण्याआधी तुम्ही हृदयरोगतज्ज्ञांकडे एकदा जाऊन यावे, ही माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची सूचना आहे. रक्तदाब, रक्तातली साखर, कोलेस्टेरॉलची पूर्ण तपासणी आणि ईसीजी तर करावाच. पट्ट्यावर चालून करायची स्ट्रेस टेस्ट किंवा इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, गरज आहे का, हे डॉक्टरच ठरवतील. त्यांना 'मी थोडेफार फिरते' असे मोघम सांगू नका. आठवड्याला किती किलोमीटर धावता, कोणत्या चढावर काय झाले, वडिलांना कोणत्या वर्षी काय झाले, हे कागदावर लिहून न्या.

घरच्यांची काळजी आणि तुमची भीती या दोन्हींचे उत्तर या तपासणीतून मिळेल, ते मनगटावरच्या यंत्रातून मिळणार नाही. हार्ट रेट मॉनिटर हृदय मिनिटाला किती वेळा आकुंचन पावते एवढेच मोजतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोकळ्या आहेत की अरुंद झाल्या आहेत, हे त्याला कळत नाही. म्हणून १८४ दिसले याचा अर्थ हृदय आजारी आहे असा होत नाही, आणि उद्या कोणाच्या घड्याळात दिवसभर छान १२० दिसले तर त्याचे हृदय निर्धोक आहे असाही होत नाही. तुम्ही वर्णन केलेला प्रसंग, म्हणजे चढावर जोर लावल्यावर ठोके वर जाणे, फक्त धाप लागणे आणि थांबल्यावर ते भराभर उतरणे, हा निरोगी हृदयाच्या वागणुकीशी जुळणारा आहे. तरीही मी डॉक्टर नाही, आणि असत्ये तरी पत्रावरून निर्वाळा दिला नसता. छातीत दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, दुखणे खांद्याकडे, हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणे, डोळ्यांपुढे अंधारी, श्रमाच्या मानाने न शोभणारी धाप, किंवा काही कारण नसताना अचानक सुरू झालेली धडधड, यांपैकी काहीही झाले तर घड्याळात काय दिसते ते पाहत बसू नये. थांबावे, सोबतच्यांना सांगावे आणि १०८ ला फोन करावा. बायकांमध्ये ही लक्षणे पुष्कळदा पित्त किंवा थकवा समजून अंगावर काढली जातात, म्हणून हे सगळे एवढे सविस्तर लिहिते आहे.

त्याच रक्ततपासणीत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉईड याही तपासण्या करून घ्या. तुमच्या वयाच्या धावणाऱ्या बायकांनी ही गोष्ट कधीही टाळू नये, असे माझे ठाम मत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या. रक्तातून प्राणवायू वाहून नेण्याचे काम हिमोग्लोबिन करते. ते कमी पडले की तेवढाच प्राणवायू स्नायूंपर्यंत पोचवण्यासाठी हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात, म्हणजेच त्याच वेगाला ठोके जास्त पडतात. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय धरला जातो. चाळिशीच्या मध्यावर अनेकींना पाळीत जास्त रक्तस्राव होऊ लागतो, आणि त्याचा संबंध 'हल्ली दम लागतो' या तक्रारीशी असू शकतो हे त्यांच्या लक्षातही येत नाही. माझ्याबरोबर धावणारी एक मैत्रीण वर्षभर 'माझा दमसासच राहिला नाही' म्हणत होती. तिचे हिमोग्लोबिन निघाले ९. डॉक्टरांनी कारण शोधून उपचार केल्यावर तीच वाट तिला पुन्हा सोपी झाली. तुमच्या १५० पैकी काही ठोके असे असू शकतील किंवा नसतीलही. एका तपासणीत ते कळेल.

आता त्या १७६ कडे येते. तुम्ही गणित शिकवता, त्यामुळे हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळेल. वर्गाची सरासरी ६२ गुण आहे एवढ्यावरून तिसऱ्या बाकावरच्या मुलीला किती गुण मिळाले हे तुम्ही सांगाल का? '२२० वजा वय' हे सूत्र तसेच आहे. १९७० च्या सुमारास अमेरिकेत, हृदयरुग्णांनी किती व्यायाम करावा याचा विचार चालू असताना, काही डॉक्टरांनी हाती असलेल्या निरनिराळ्या अभ्यासांतले आकडे वयानुसार मांडले आणि त्यांतून जाणारी एक ढोबळ रेघ ओढली. तोंडी हिशोबाला सोपी असल्यामुळे ती जगभर पसरली, व्यायामशाळांच्या भिंतींवर गेली आणि पुढे घड्याळांत शिरली. प्रत्यक्षात एकाच वयाच्या निरोगी माणसांचे कमाल ठोके या रेघेच्या दोन्ही बाजूंना सहज दहा-बारांनी इकडेतिकडे असतात आणि काहींचे त्याहूनही दूर असतात. नंतर आणखी सूत्रे आली. २००१ साली हिरोफुमी तानाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा असे सांगितले. २०१० साली मार्था गुलाटी यांनी फक्त स्त्रियांच्या चाचण्यांवरून २०६ वजा वयाच्या ०.८८ पट असे मांडले. तुमच्यासाठी पहिले सूत्र १७६ देते, दुसरे १७७, आणि खास बायकांसाठीचे तिसरे १६७. एकाच ताईंच्या एकाच हृदयासाठी ही तीन उत्तरे आहेत, आणि तुमचे हृदय यांपैकी एकाही उत्तराला बांधलेले नाही. १८४ खरे असेल, तर त्या दिवशी तुम्ही कमाल मर्यादा ओलांडली नाही. तुमची कमाल १७६ नव्हती एवढेच त्यातून कळले. ती १८४ च्याही वर असू शकते.

दुसरी अडचण टक्क्यांची आहे. तुमच्या गटातल्या त्या मुलाने कमाल ठोक्यांचे सरळ ६० ते ७० टक्के काढले. परंतु तुमचे हृदय शून्यापासून सुरू होत नाही, ते ६२ पासून सुरू होते. फिनलंडचे मार्टी कार्वोनेन यांच्या नावाने ओळखली जाणारी, १९५७ सालच्या अभ्यासातून आलेली पद्धत हीच गोष्ट विचारात घेते. कमाल ठोक्यांतून विश्रांतीचे ठोके वजा करायचे, उरलेल्या राखीव ठोक्यांचे टक्के काढायचे आणि त्यांत विश्रांतीचे ठोके पुन्हा मिळवायचे. तुमची कमाल १७६ च धरली तरी राखीव ११४ उरतात. त्यांचे ६० टक्के ६८ आणि ७० टक्के ८०. त्यांत ६२ मिळवले की १३० ते १४२ येतात. कमाल १८४ धरली तर हीच मर्यादा १३५ ते १४७ होते. सावकाश धावण्यासाठी हा पट्टा तुमच्यासारख्या दोन वर्षे नियमित धावणाऱ्या व्यक्तीला अधिक जुळतो, आणि तुम्ही १०६ ते १२३ मध्ये जीव मुठीत धरून चालत होता. गट जिथे १५० ला धावतो, तो वेग रोजच्यासाठी किंचित जास्त आहे खरा, पण जेवढी भीती तुम्हाला घालण्यात आली तेवढा तो जास्त नाही. गटाचा वेग आणि घड्याळाची १०६ ते १२३ ही मर्यादा या दोहोंच्या मध्ये तुमची जागा आहे.

हे सगळे, अर्थात, घड्याळ बरोबर मोजते हे धरून. त्याचीही खात्री करायला हवी. मनगटावरच्या घड्याळाच्या पाठीमागे हिरवे दिवे लुकलुकतात. त्यांचा उजेड त्वचेतून आत जातो, रक्ताची प्रत्येक लाट आली की परत येणारा उजेड कमीजास्त होतो आणि त्यावरून यंत्र ठोके ताडते. घड्याळ सैल असेल, हलत असेल किंवा थंडीने हात गार पडून त्वचेतले रक्त आटले असेल, तर ते चुकते. कधी कधी ते ठोक्यांऐवजी पावलांचा ताल पकडून बसते. धावताना पावले मिनिटाला १६० ते १८० पडतात, त्यामुळे ही चूक ओळखू येत नाही आणि छातीत धस्स होते. तुमच्या त्या १८४ मध्ये असे काही होते का, हे आता सांगता येणार नाही. तुम्ही पत्राबरोबर पाठवलेल्या फोटोत मात्र डाव्या मनगटावर हिरव्या काचेच्या चार बांगड्या आहेत आणि घड्याळ त्यांच्या खाली, थेट मनगटाच्या हाडावर आहे. प्रत्येक पावलाला बांगड्या घड्याळावर आपटत असणार. धावताना घड्याळ हाडापासून दोन-तीन बोटे कोपराकडे सरकवा आणि रबराचा ओरखडा उमटणार नाही इतपत घट्ट बांधा. बांगड्या तेवढ्या वेळापुरत्या दुसऱ्या हातात घाला, किंवा घड्याळच उजव्या हातात बांधा. धावायला सुरुवात करण्याआधी पाच मिनिटे ते हातावर असू द्या.

पडताळा पाहायचा तर यंत्राची गरज नाही. चढ चढून थांबल्याबरोबर मानेच्या बाजूला किंवा अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून १५ सेकंद नाडी मोजा आणि चारने गुणा. उशीर करू नका, कारण ठोके लगेच उतरू लागतात. एक ठोका चुकला तर हिशोबात चारचा फरक पडतो, तेव्हा दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा. तुमची मोजणी आणि घड्याळ पाच-सातच्या आत जुळत असतील तर घड्याळ कामाचे आहे. वारंवार जुळत नसेल आणि खर्च परवडत असेल, तर छातीला बांधायचा पट्टा घ्यावा. तो हृदयाची विद्युत लहर थेट टिपतो, म्हणून धावताना तो अधिक भरवशाचा ठरतो. फिनलंडमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला खेळाडूंसाठी बिनतारी मॉनिटर आले, तेही छातीच्या पट्ट्याचेच होते. बांधण्याआधी त्याच्या आतल्या पट्ट्या पाण्याने ओल्या कराव्या लागतात, नाहीतर घाम येईपर्यंतची पहिली दहा मिनिटे तो वाटेल ते आकडे दाखवतो. धावून आल्यावर साध्या पाण्याने धुवावा. घामाचे मीठ साचले की तो लवकर निकामी होतो.

आता प्रश्न उरतो शरीराचा. 'घड्याळाचे ऐकू की शरीराचे' असे तुम्ही विचारता, तेव्हा या दोघांत भांडण आहे असे तुम्ही धरून चालला आहात. मला तसे वाटत नाही. माझ्या अनुभवात शरीराची जाण हीच मूळ मोजपट्टी आणि घड्याळ तिचा साक्षीदार. आपल्या गावातल्या तालमीत वस्ताद पोरांची मेहनत बघत उभे असतात. कोणाचा श्वास छातीत अडकला, कोणाचा पोटातून चालला आहे, हे त्यांना लांबून कळते, आणि त्यावरून ते कोणाला आणखी बैठका घालायला लावायच्या आणि कोणाला मातीबाहेर काढायचे हे ठरवतात. तुम्ही स्वतःची वस्तादकी अशी करा : सावकाश धावण्याच्या दिवशी दर दहा मिनिटांनी सत्तावीसचा पाढा मोठ्याने म्हणा. सत्तावीस एके सत्तावीस, सत्तावीस दुणे चोपन्न, सत्तावीस त्रिक एक्क्याऐंशी... प्रत्येक ओळ एका श्वासात, न तुटता, शाळेत म्हणता तशी आली तर वेग बरोबर आहे. 'सत्तावीस' आणि 'दुणे' यांच्यामध्ये श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. पाढा जिथे तुटू लागतो, तिथे घड्याळात काय दिसते ते पाहा आणि घरी आल्यावर वहीत लिहा. दोन-तीन आठवड्यांत तुम्हाला एक आकडा सापडेल. तो १४० असेल किंवा १४६ असेल, पण तो कोणत्याही सूत्रातून आलेला नसेल, तुमच्या स्वतःच्या श्वासातून आलेला असेल. सावकाश धावण्याची तुमची वरची मर्यादा तीच.

सावकाश धावणे कशासाठी, हेही थोडे सांगायला हवे, कारण तुमच्या पत्रात ते शिक्षेसारखे उतरले आहे. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी हार्ट रेट मॉनिटर येण्याच्या कितीतरी आधी आपल्या धावपटूंना आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर धावायला लावले. त्यांच्या पद्धतीत आधी महिनोन्‌महिने लांब पल्ल्याचे धावणे होते आणि तीव्र सराव त्यानंतर येई. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचे आणि मरे हॅलबर्गने ५००० मीटरचे सुवर्णपदक एकाच दिवशी जिंकले. पुढे नॉर्वेत काम करणारे शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टीफन सीलर यांनी वरच्या दर्जाच्या दमसासाच्या खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा त्यांची साधारण ८० टक्के सत्रे कमी तीव्रतेची असल्याचे आढळले. अशा धावण्यात हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकते, स्नायूंत केशवाहिन्या वाढतात आणि चरबी जाळून ऊर्जा मिळवण्याची ताकद वाढते. गुडघ्या-घोट्यांवर फार भार न टाकता हे साधते, आणि जोराच्या दिवशी खरोखर जोर लावण्याइतके पाय ताजे राहतात. आपल्यासारख्यांनी मात्र ८० टक्क्यांचा अर्थ आपल्यापुरता लावावा. तुम्ही आठवड्यात चार वेळा धावता, तर तीन वेळा सावकाश आणि एकदा मेहनतीचे, एवढा त्याचा अर्थ.

मी स्वतः पहिली सहा वर्षे रोज मधल्याच वेगाने धावत होते. सावकाश म्हणावे तर दम लागायचा आणि जोराचे म्हणावे तर तेवढा जोरही नसायचा. दर धावण्यानंतर मेहनत केल्यासारखे वाटायचे, पण अर्धमॅरेथॉनची वेळ हलत नव्हती. मग एका हिवाळ्यात पट्टा बांधून १४० च्या आत धावायला लागले. पहिल्या आठवड्यात किलोमीटरला ८ मिनिटे १० सेकंद लागले आणि ओळखीची माणसे रस्त्यात थांबून 'तब्येत बरी आहे ना?' असे विचारत होती. तीच वाट, तेच १४० ठोके, आणि साडेचार महिन्यांनी ७ मिनिटे २५ सेकंद. ती वही अजून माझ्याकडे आहे. हार्ट रेट मॉनिटरचा सर्वांत चांगला उपयोग मला विचाराल तर तो हा : महिन्यातून एकदा तीच वाट, तीच वेळ, तेच ठोके, आणि किती वेळ लागला याची नोंद. दमसास वाढतो आहे की नाही हे इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कशातून दिसत नाही.

तीच वेळ म्हणते त्याला कारण आहे. सध्या एप्रिल चालू आहे. उकाड्यात शरीर थंड ठेवण्यासाठी बरेच रक्त त्वचेकडे वळते, घामामुळे रक्तातले पाणी घटते, एका ठोक्यात जाणारे रक्त कमी होते आणि ती तूट भरून काढायला ठोके वाढतात. म्हणून सकाळी सहाला १४० वर चाललेले धावणे तासाभराने, वेग तोच असताना, १५० वर गेलेले दिसेल. ही सरक नैसर्गिक आहे. लांब धावण्याच्या शेवटच्या टप्प्यात पाढा नीट येत असेल तर पाच-दहा ठोके वाढू द्यावेत. आदल्या रात्रीचे जागरण, परीक्षेच्या पेपर तपासणीचा ताण, निघण्याआधीची कडक कॉफी, पाळीच्या आधीचे दिवस, अंगात मुरलेला ताप, या सगळ्यांनी आकडा वर जातो. उठल्यावरची नाडी नेहमीच्या ६२ ऐवजी लागोपाठ दोन-तीन दिवस ७० लागली, तर त्या दिवशी विश्रांती घ्यावी किंवा नुसते फिरून यावे. तापात तर अजिबात धावू नये.

तुमच्यासारखाच प्रश्न पडलेल्या, पण रक्तदाबासाठी गोळ्या घेणाऱ्या वाचकांसाठी इथे एक गोष्ट नोंदवते. मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गटातली औषधे ठोक्यांनाच लगाम घालतात. त्यांच्यासाठी वरचे एकही सूत्र किंवा ठोक्यांची मर्यादा लागू नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून, श्वास आणि पाढा यांवरच चालावे.

गटाचे काय करायचे, हा प्रश्न मला ठोक्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो. पहाटे पाचच्या अंधारात एकट्या बाईने मागे राहू नये. ज्या सरावपद्धतीत तुम्हाला असे राहावे लागते, ती कितीही शास्त्रीय असली तरी तुमच्यासाठी चुकीची आहे. परंतु गटाच्या वेगाने रोज ओढत जाणे हाही त्यावरचा उपाय नव्हे. गटातल्यांशी मोकळेपणाने बोला आणि आठवड्यातले दोन दिवस सरळ वाटेऐवजी जाऊन-येऊन धावण्याचे ठरवा. सगळ्यांनी एकत्र निघायचे, अर्धा तास ज्याच्या त्याच्या वेगाने जायचे, घड्याळात अर्धा तास झाला की जो जिथे असेल तिथून वळायचे. वेगवान पुढे गेलेले असतात, पण वळल्यावर ते मागून येऊ लागतात आणि सगळे जवळपास एकाच वेळी निघाल्या जागी परत पोचतात. परतीच्या वाटेवर तुमच्यामागे सतत कोणीतरी असते. एखाद्या मैदानावर किंवा छोट्या फेरीच्या वाटेवर धावलात तर पुढची माणसे पुन्हा पुन्हा शेजारून जातात, म्हणून तेही सोयीचे. मला जवळजवळ खात्री आहे की या गटात आणखी दोघी-तिघी अशा असतील ज्या रोज दम टाकत वेग सांभाळतात आणि बोलत नाहीत. तुम्ही विषय काढलात तर त्यांचीही सोय होईल. आणि त्या तरुण मुलावर रागावू नका. त्याने चुकीचा हिशोब आस्थेने करून दिला आहे. त्याला कार्वोनेनचा हिशोब तुम्हीच फळ्यावर मांडून दाखवा.

मेहनतीच्या एका दिवसाचे आता सांगते. साताऱ्याची वाट यवतेश्वराच्या घाटाने वर चढते आणि त्याच घाटाने खाली येते, म्हणून तुम्हाला चढाची सवय हवी. डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर आठवड्यातून एकदा एखाद्या चढावर दोन-तीन मिनिटे जोराने वर आणि चालत खाली, असे आधी चार वेळा आणि हळूहळू सहा वेळा करा. त्या दिवशी घड्याळाकडे बघत धावू नका. जोर लावल्यानंतर ठोके वर चढायला अर्धा-एक मिनिट घेतात, तोवर चढ अर्धा संपलेला असतो. घरी आल्यावर सर्वांत वरचा आकडा पाहा. छातीचा पट्टा बांधून किंवा नाडीने पडताळून, शेवटच्या चढावर जो आकडा येईल, तो तुमच्या खऱ्या कमालीच्या बराच जवळचा असेल. महिन्यातून एखाद्या रविवारी गटाला घेऊन पुन्हा पन्हाळ्याकडे जा. वाघबीळच्या पुढचा तो चढ लांब आणि एकसलग आहे, साताऱ्यासाठी याहून चांगला सराव जवळपास मिळणार नाही.

शर्यतीत पहिला अर्धा भाग चढाचा असतो आणि सुरुवातीला सगळे पळत सुटतात. तिथे घड्याळाला लगाम म्हणून वापरा. तुटक तुटक का होईना, तीन-चार शब्द बोलता येतील अशा ठोक्यांच्या वर जाऊ नका, आणि गरज पडेल तिथे लांब टांगा टाकत चाला. तीव्र चढावर चालणे आणि धावणे यांच्या वेगात फारसा फरक नसतो, ठोक्यांत मात्र दहा-पंधरांचा पडतो. उतारावर हेच घड्याळ दिशाभूल करते. ठोके उतरतात, अंगात उमेद येते आणि पाय मोकळे सुटतात. परंतु उतारावर मांड्यांचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत प्रत्येक पावलाचा मार झेलत असतात आणि तो मार ठोक्यांत कुठेही दिसत नाही. शेवटच्या पाच किलोमीटरला पाय आखडतात ते यामुळे. तेव्हा पन्हाळ्याहून गाडीने खाली न येता पहिल्यांदा निम्मा आणि नंतर पूर्ण उतार छोट्या पावलांनी धावून या. त्यानंतर दोन दिवस मांड्या दुखतील, तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून कमी दुखतील.

घड्याळ परत देऊ नका. मुलाला शेजारी बसवून त्याच्या ॲपमध्ये कमाल ठोक्यांचा आपोआप भरलेला १७६ काढून टाकायला सांगा. त्या जागी सध्या पडताळलेला आकडा घाला आणि झोन मोजण्याची पद्धत 'राखीव ठोक्यां'वर बसते का ते पाहा. अनेक घड्याळांत ती सोय असते. मर्यादा ओलांडली की वाजणारी सूचना पहिला महिनाभर बंदच ठेवा. झोप, ताण, शरीराचे वय असे आणखी जे आकडे ते दाखवते, त्यांच्याकडे सध्या लक्ष देऊ नका. आधी एका आकड्याशी ओळख होऊ द्या.

डॉक्टरांकडची वेळ मात्र या आठवड्यातच घ्या. तपासणीचे निकाल आणि हिमोग्लोबिनचा आकडा आला की मला कळवा, त्यावरून पुढच्या चार महिन्यांचा सराव कसा आखायचा हे आपण लिहून काढू. तोवर पन्हाळा नको. रंकाळ्यावर सपाटीला, उजेड पडल्यावर, सोबत घेऊन, सत्तावीसच्या पाढ्याने धावत राहा.